लघवीच्या घाईवरची गोळी : सुरू करण्यापूर्वी काय पाहावे?



या पानावर आम्ही आजवर बेणे, खोडव्यातील पाचट, हुमणी, ठिबकाचे वेळापत्रक असेच विषय घेत आलो. या अंकी विषय निराळा आहे आणि चारचौघांत बोलायला अवघडही आहे. लघवीला एकाएकी घाई होणे, पोहोचेपर्यंत कपड्यात सुटणे, रात्रीतून चार-पाच वेळा उठावे लागणे ही तक्रार, आणि तिच्यावर हल्ली मिळणाऱ्या गोळ्या. ऊस विकास अधिकाऱ्याने यात कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. आम्ही शेतकी पदविकावाले, डॉक्टर नव्हे; तेव्हा कोणती गोळी किती घ्यावी हे आम्ही सांगणार नाही. मात्र डॉक्टरांसमोर बसण्यापूर्वी स्वतःबद्दल काय माहीत करून घ्यावे, त्यांना काय सांगावे आणि काय विचारावे, एवढे सांगण्याइतके वाचन आम्ही केले आहे.

निमित्त असे झाले. लागणीच्या नोंदी तपासत गटातून हिंडताना एका सभासदाने बांधावरच सांगितले, "साहेब, पाव्हण्याला गोळीनं गुण आला म्हणून मीबी त्येच्या पट्टीतल्या चार घेतल्या. घाई थांबली म्हणता? लघवीच बंद झाली की!" मध्यरात्री ओटीपोट दगडासारखे झाले. तालुक्याला नेऊन नळी घालून लघवी काढावी लागली. पुढे सोनोग्राफीत निघाले की प्रोस्टेटची गाठ वाढलेली होती आणि पिशवी आधीपासूनच पुरती रिकामी होत नव्हती. गोळी बनावट नव्हती, वाईटही नव्हती. ती पाहुण्याच्या दुखण्याची होती, यांच्या दुखण्याची नव्हती.

पिवळा पडला की युरिया?

ऊस पिवळा दिसला की युरियाचे पोते फोडायचे, ही सवय आपल्याकडे जुनी आहे. नत्र कमी पडले असेल तर युरियाने ऊस हिरवा होतो, हे खरे. पण चुनखडीच्या रानात लोह न मिळाल्याने केवडा पडतो, पाणी साचून मुळ्या गुदमरतात, खाली हुमणी मुळ्या खात बसलेली असते. वरून सगळे पिवळेच दिसते. म्हणून आम्ही सांगतो की आधी बेट उकरून बघा. लघवीचेही तसेच आहे. वरून सगळ्यांची तक्रार एकच, "सारखं जावं लागतं, आवरत नाही." आत कारणे चार-पाच निरनिराळी असतात आणि या गोळ्या त्यांपैकी एकाच कारणावर चालतात.

लघवीची पिशवी म्हणजे स्नायूंची थैली. मूत्रपिंडांतून पाणी उतरत राहते तसतशी ती सैल होऊन भरत जाते. दीडशे-दोनशे मिलिलिटर झाले की पहिली जाणीव होते. चारशे-पाचशेपर्यंत निरोगी माणूस सहज धरतो. मग मेंदूचा हुकूम सुटतो, खालचे दार सैल होते आणि थैलीचा स्नायू आवळून ती रिकामी करतो. काही जणांत हा स्नायू हुकमाची वाट न पाहता मध्येच आवळतो. चारीचे दार बंद असताना मोटर आपोआप सुरू व्हावी, तसे. घाई होते ती याने. कुलपाला किल्ली लावताना, नळाचे पाणी वाजले की, हात धुताना एकदम कळ येते आणि थांबवत नाही. या गोळ्या तो उतावीळ स्नायू शांत करतात. त्यांचे काम एवढेच.

आता दुसरी तऱ्हा. खोकले, शिंकले, हसले, पाटी डोक्यावर घेतली की थोडी लघवी सुटते, आधी घाई मात्र काही होत नाही. येथे स्नायू उतावीळ नसतो, दार ढिले झालेले असते. बाळंतपणांनंतर बायकांत हे फार आढळते. त्यावर घाईची गोळी घेणे म्हणजे व्हॉल्व्ह गळतो म्हणून मोटर दुरुस्तीला टाकणे. पैसे जातात, गळती राहते. काही जणींना दोन्ही त्रास एकत्र असतात, तेव्हा त्यातला कोणता जास्त, हे ठरवावे लागते.

तिसरी तऱ्हा सर्वांत फसवी. वाढलेल्या प्रोस्टेटने किंवा मूत्रमार्ग आकसल्याने बाहेरची वाट अरुंद होते. वर्षानुवर्षे जोर लावून पिशवी थकते किंवा जुन्या मधुमेहाने तिच्या नसा मंदावतात. ती कधीच पुरती रिकामी होत नाही. तुडुंब भरलेल्या हौदातून थेंब थेंब ओसंडावे तशी लघवी गळते. माणसाला वाटते आपल्याला लघवी जास्त होते. खरे म्हणजे त्याची अडलेली असते. अशा माणसाला पिशवीचा स्नायू सैल करणारी गोळी दिली की उरलासुरला जोरही जातो आणि लघवी तुंबते. आमच्या त्या सभासदाचे हेच झाले. धार बारीक झाली आहे, सुरू व्हायला वेळ लागतो, मधूनमधून तुटते, करून आल्यावरही शिल्लक असल्यासारखे वाटते, यांपैकी काहीही असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावे. लघवी केल्यानंतर पिशवीत किती उरते, हे सोनोग्राफीने दहा मिनिटांत कळते, त्यासाठी सुई टोचावी लागत नाही. साठीच्या पुढच्या पुरुषाने ही मोजणी झाल्याशिवाय घाईवरची गोळी सुरू करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्या प्रोस्टेटवाल्याची पिशवी नीट रिकामी होते त्याला डॉक्टर प्रोस्टेटच्या औषधाबरोबर ही गोळीही देतात. तो निर्णय मोजणीवर घेतलेला असतो, अंदाजावर नव्हे.

शिवाय पाणीच जास्त तयार होत असेल तर पिशवीचा दोष नाही. साखर वाढली की लघवी वाढते. मधुमेहाची डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही हल्लीची औषधे साखर लघवीवाटेच बाहेर काढतात, त्यांनी फेऱ्या वाढतात. रक्तदाबाच्या पुष्कळ गोळ्यांत लघवी वाढवणारे औषध मिसळलेले असते. अॅम्लोडिपिनने काहींचे पाय सुजतात. दिवसभर पायांत साचलेले ते पाणी रात्री आडवे झाल्यावर लघवी होऊन उतरते आणि झोपमोड करते. यावर कधी कधी गोळीची वेळ बदलणे पुरते. ती बदलणे मात्र डॉक्टरांनी, आपल्या मनाने नव्हे.

जळजळ, ताप, घाण वास, गढूळपणा असेल तर आधी लघवीची तपासणी. उन्हाळी लागली म्हणून धण्याचे पाणी पीत महिना काढू नये. आणि लघवीत रक्त दिसले, एकदाच दिसले, दुखले नाही, तरीही तपास पुरा करून घ्यावा. विडी-सिगारेट ओढणाऱ्याने तर नक्कीच. पिशवीच्या कर्करोगाची पहिली खूण बहुधा हीच असते आणि घाई हीसुद्धा त्याच्याबरोबर येऊ शकते.

धोतऱ्याचे भाऊबंद

ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडीन, सोलिफेनासिन, डॅरिफेनासिन, ट्रॉस्पियम ही या गोळ्यांतील एका जातीची नावे. कंपनीचे नाव काहीही असो, पट्टीवर बारीक अक्षरांत यांपैकी एक असते. ही जात कसे काम करते ते शेतकऱ्याला समजावणे सोपे आहे, कारण तिची दोन उदाहरणे आपल्या शिवारातच आहेत.

आपल्या शरीरात मज्जातंतूंचा निरोप स्नायूंना आणि ग्रंथींना पोहोचवणारा एक निरोप्या आहे, ॲसिटिलकोलीन नावाचा. वाळवी-खोडकिडीसाठी आपण वापरतो ती क्लोरपायरीफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट औषधे अंगात गेली तर हा निरोप्या साफ होत नाही, साठत जातो. मग तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, अंगाला दरदरून घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, आणि लघवी-परसाकडे आवरत नाही. फवारणीची विषबाधा ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे निराळे सांगायला नको. दवाखान्यात अशा माणसाला अॅट्रोपिनची इंजेक्शने देतात. अॅट्रोपिन त्या निरोप्याची दारे लावून घेते.

तेच अॅट्रोपिन धोतऱ्यात असते. पोराने धोतऱ्याचे बी खाल्ले तर नेमके उलटे दिसते. तोंड कोरडे ठक्क, घाम बंद, अंग तापलेले, चेहरा लाल, बाहुल्या मोठ्या, डोळ्यांना अंधुक, लघवी अडलेली आणि बडबड, भ्रम.

लघवीच्या घाईच्या या गोळ्या त्याच कुळातील. म्हणजे त्या विषारी आहेत असे नव्हे. मात्रा मोजून, पिशवीकडच्या दारांवर जास्त आणि बाकीच्या दारांवर कमी परिणाम व्हावा अशा रीतीने त्या बनवलेल्या आहेत. तरी दारे सगळ्या अंगभर आहेत, त्यामुळे त्रास कोणता होईल याचा ठोकताळा धोतऱ्यावरून बांधता येतो. तोंडाला कोरड पडते, हा सर्वांत सामान्य त्रास. बद्धकोष्ठ होते. नजर अंधुक होते. रात्री ट्रॅक्टर, मोटारसायकल चालवणाऱ्याने पहिले काही दिवस जपावे. आणि जे घाईला औषध आहे ते लघवी अडवूही शकते. (धोतरा तोच गुण देत असेल तर धोतराच का घेऊ नये, असा डोकेबाज प्रश्न एकाने आम्हाला विचारला. एका बोंडात विष किती हे बोंड सांगत नाही, म्हणून. तसेच या गोळ्या चालू आहेत म्हणून फवारणीच्या औषधापासून बचाव होईल, असाही अर्थ कोणी काढू नये. हातमोजे आणि तोंडाला मास्क हवाच.)

या जातीची गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांना ज्या गोष्टी विचारल्या नसतील तरी सांगाव्यात, त्या अशा. काचबिंदू आहे का. काचबिंदू वेगळा, मोतीबिंदू वेगळा. आपल्याकडे दोन्हींना "डोळ्याचा बिंदू" म्हणून सोडून देतात. काचबिंदूच्या एका प्रकारात डोळ्यातील पाण्याची वाट कोपऱ्यात अरुंद असते. त्यात ही गोळी गेली तर डोळ्यातील दाब एकदम चढू शकतो आणि नजर जाऊ शकते. डोळ्याचे थेंब चालू असतील तर डोळ्याच्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज गोळी सुरू करू नये. त्यानंतर, पूर्वी कधी लघवी तुंबली होती का, जेवण पोटातून लवकर पुढे सरकत नाही असा आजार आहे का, आतडी अडण्याचा त्रास झाला होता का, स्नायू थकण्याचा मायस्थेनिया हा आजार आहे का. मूत्रपिंड किंवा यकृत कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते. बाईला दिवस गेले असतील किंवा अंगावर पाजत असेल तर तेही सांगावे.

उन्हाची गोष्ट आम्हाला मुद्दाम वेगळी सांगायची आहे, कारण शहरातल्या डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर आपले रान असेलच असे नाही. घाम हा आपल्या अंगाचा ठिबक आहे, त्याने अंग थंड राहते. ही गोळी घाम कमी करते. सावलीत बसणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही. पण एप्रिल-मेच्या उन्हात खोडव्याची भरणी करणारा, बारे देणारा, पाचट कुट्टीच्या यंत्रामागे चालणारा माणूस घाम न येता तापत जातो आणि त्याला उष्माघात होऊ शकतो. म्हणून डॉक्टरांना नुसते "शेती करतो" असे न सांगता, "दुपारी उन्हात काम करतो" असे सांगावे. गोळी चालू असेल तर कडक उन्हाची वेळ टाळावी. अंग गरम पण कोरडे, डोके दुखतेय, चक्कर येतेय, असे झाले तर काम सोडून सावलीत यावे, अंग ओले करावे आणि दवाखाना गाठावा.

घरातल्या सगळ्या पट्ट्या

या कुळातली औषधे आणखी पुष्कळ आहेत, ती वेगळ्या नावांनी घरात आलेली असतात. पोटात कळ आली म्हणून घेतो ती डायसायक्लोमिन, सर्दीची क्लोरफेनिरामिन, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेली अॅमिट्रिप्टिलिन, कंपवाताची ट्रायहेक्सिफेनिडिल. प्रत्येक गोळी आपापल्या जागी थोडी थोडी, पण अंगात गेल्यावर बेरीज होते. एकाच आठवड्यात दोन कंपन्यांची एकाच घटकाची फवारणी केली तर पीक जळते, हे आपण जाणतो.

म्हाताऱ्या माणसांत ही बेरीज डोक्यात जाते. आजोबा रात्री उठून "बैल सुटले" म्हणून ओरडतात, वार विसरतात, भिंतीशी बोलतात. घरचे म्हणतात वय झाले. कधी कधी वय नसते, नुकतीच सुरू झालेली गोळी असते. लांबच्या परिणामाबद्दलही विचार करण्याजोगी गोष्ट आहे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली सुमारे ५९ हजार विस्मृतीच्या रुग्णांच्या नोंदी इतरांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. या कुळातील जोरदार औषधे रोज, तीन वर्षांहून अधिक काळ चालतील इतकी घेतलेल्यांत विस्मृतीची शक्यता सुमारे दीडपट आढळली, आणि पिशवीच्या गोळ्या त्यात होत्या. गोळीमुळेच विस्मृती झाली, असे अशा अभ्यासाने सिद्ध होत नाही, हे त्यांनीही म्हटले आहे. परंतु सत्तरीच्या पुढच्या, आधीच विसराळू झालेल्या माणसाला वर्षानुवर्षे ही गोळी चालू ठेवण्यापूर्वी "दुसरे काही चालेल का?" हे विचारायला तेवढे कारण पुरेसे आहे. ट्रॉस्पियम मेंदूत कमी शिरते, असे मानतात.

आणखी एक विसंगती आढळते. विस्मृतीसाठी डोनेपेझिल चालू असते. ते निरोप्याला वाढवते. त्याच माणसाला दुसरीकडून लघवीची गोळी मिळते. ती निरोप्याला अडवते. एका जुवाचे दोन बैल दोन दिशांना हाकलल्यासारखे हे आहे. दोन डॉक्टर, दोन चिठ्ठ्या, एकमेकांना पत्ता नाही. म्हणून जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या, बाटल्या, डोळ्यांचे थेंब, वैद्यांची चूर्णे एका पिशवीत घालून न्यावीत आणि टेबलावर ओतावीत. "बीपीची पांढरी गोळी आहे" या वर्णनाने कोणालाच काही कळत नाही.

दुसरी जात

मिराबेग्रॉन ही गोळी वेगळ्या वाटेने जाते. जपानमध्ये २०११ साली आणि अमेरिकेत २०१२ साली तिला मान्यता मिळाली. आता आपल्याकडेही ती मिळते. ती निरोप्याला अडवत नाही. पिशवी भरत असताना स्नायू सैल ठेवणारा जो दुसरा खटका आहे तो दाबते. त्यामुळे कोरड, बद्धकोष्ठ कमी आणि डोक्यावरचा भार त्या मानाने नाही. पण तिचाही पाश आहे. तिने रक्तदाब चढू शकतो. वरचा आकडा १८० किंवा खालचा ११० इतका असेल तर ती देत नाहीत. तेव्हा आधी दाब मोजावा आणि सुरू केल्यावरही अधूनमधून मोजत राहावा. हृदयाचे डिगॉक्सिन किंवा मेटोप्रोलॉल चालू असेल तर त्यांचा अंमल तिने वाढू शकतो, हे डॉक्टरांना आठवून द्यावे. बाहेरची वाट अडलेली असेल तर लघवी तुंबण्याचा धोका हिच्यातही आहे. किंमतही पाहावी. महिनोन्‌महिने घ्यायचे औषध परवडते का, हा प्रश्न विचारायला लाजू नये. घटकाचे नाव लिहून घेऊन जनऔषधी केंद्रातही चौकशी करावी.

तीन दिवसांची नोंद

लागणीची नोंद वेळेवर न करता तोडीच्या वेळी भांडायला येणारे सभासद आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. डॉक्टरकडेही तेच. "सारखं जावं लागतं" म्हणजे किती? आठ वेळा की अठरा वेळा? म्हणून तीन दिवस वही घालावी. किती वाजता गेलो, किती झाली, घाई होती का, कपड्यात सुटली का, आणि पाणी, चहा काय किती प्यालो. मोजण्यासाठी प्लॅस्टिकचे मापाचे भांडे स्वतंत्र घ्यावे. तणनाशकाचे माप धुऊन वापरू नये. हे लिहावे लागते, कारण तसे होते.

या वहीतून जे कळते ते महागड्या यंत्रातूनही कळत नाही. दिवसभरात मिळून तीन लिटरच्या वर लघवी होत असेल तर पिशवीला दोष देण्याआधी साखर आणि पिण्याचे प्रमाण पाहावे लागते. चोवीस तासांतल्या लघवीचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग रात्रीच होत असेल, तर तो पाय सुजणे, हृदय, झोपेतील घोरणे यांकडे बोट दाखवतो. घाईची गोळी तेथे फारसे काही करत नाही. प्रत्येक वेळी पन्नास-साठ मिलिलिटर आणि कळ मात्र मोठी, असे असेल तर ती खरी या गोळीची तक्रार असू शकते.

वही चालू असताना काही जण पाणीच तोडतात. गाडीत बसायचे, काट्यावर रांग मोठी, बायकांना रानात आडोसा नाही, म्हणून दिवसभर घोटभर पाण्यावर काढतात. ऊसतोडीच्या टोळ्यांतील बायकांचे तर हे रोजचे आहे. याने लघवी घट्ट होऊन पिशवीला अधिक चिडवते, खडे आणि जंतूंना वाव मिळतो आणि उन्हात मूत्रपिंडावर ताण येतो. दिवसा पाणी प्यावे. झोपण्याआधीचे दोन-तीन तास कमी करावे.

गोळीच्या आधी करण्याजोगे

चहा मोजा. रोज सात-आठ कप चहा पिणाऱ्याने तो दोनवर आणला तरी काहींची घाई निम्मी होते. बद्धकोष्ठ काढा, भरलेले आतडे पिशवीला रेटते. दुसरे म्हणजे पिशवीला वळण लावणे. तासातासाला जावे लागत असेल तर घाई आली तरी शांत बसून, खालचे स्नायू आवळून, कळ ओसरेपर्यंत थांबावे आणि मग चालत जावे, पळत नव्हे. आठवड्याला दहा-पंधरा मिनिटे वाढवत तीन तासांपर्यंत न्यावे. दीड-दोन महिने लागतात. (ज्याची लघवी अडते त्याने हे करू नये, हे ओघाने आलेच.)

भगिनींना दोन शब्द. खोकल्याबरोबर सुटणाऱ्या लघवीवर अमेरिकेतील डॉ. आर्नल्ड केगेल यांनी १९४८ साली ओटीतळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम मांडला, तो आजही पहिला उपाय समजतात. वारा अडवताना जे स्नायू आवळतो ते वर ओढून पाच-सहा आकडे मोजेपर्यंत धरायचे, सोडायचे, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. श्वास कोंडायचा नाही. घाईच्या त्रासातही त्याचा उपयोग होतो. अंग बाहेर येत असेल, गर्भपिशवी काढलेली असेल, मोठी बाळंतपणे झाली असतील, तर ते डॉक्टरांना सांगावे. सुनेने सासूबरोबर जावे, जमल्यास बाई डॉक्टरकडे. आणि घरच्या कर्त्या पुरुषाने "या वयात असं चालायचंच" म्हणून विषय मोडू नये. लग्नकार्याला जायचे सोडून दिलेल्या, हळदी-कुंकवाला न जाणाऱ्या, एस.टी.त बसायला भिणाऱ्या बायका आपल्या गावांत आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांना गोळी न घेताही बरे वाटू शकते.

गोळी ठरलीच तर

एवढे पाहून डॉक्टरांनी गोळी दिली तर ती निःशंकपणे घ्यावी. या गोळ्यांनी कित्येकांची रात्रीची झोप परत आली आहे. फक्त दोन दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नये आणि दुप्पटही करू नये. पुरता गुण कळायला चार ते आठ आठवडे लागतात. हळूहळू सुटणारी गोळी असेल तर ती मोडून, चावून, कुटून घेऊ नये. दिवसभराची मात्रा एकदम अंगात जाते. कोरडीसाठी घोट-घोट पाणी, बडीशेप चघळणे ठीक. साखरेच्या गोळ्या मधुमेह्याने नकोत. तोंड कोरडे राहिले की दात किडतात, तेव्हा चूळ भरत जावी.

लघवी अडली, ओटीपोट फुगून दुखू लागले, डोळा लाल होऊन ठणकला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली, ओठ-जीभ-चेहरा सुजला, माणूस बरळू लागला, यांपैकी एकही झाले तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखान्यात जावे आणि पट्टी सोबत न्यावी.

दोन महिन्यांनी पुन्हा तीन दिवसांची वही घालावी आणि पहिल्या वहीशेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवावी. फेऱ्या बारावरून आठवर आल्या, कपडे ओले होणे थांबले, तर गोळीने काम केले. काहीच हलले नाही तर तीच वर्षभर गिळत बसण्याऐवजी जात बदलणे, पिशवीत बोट्युलिनम इंजेक्शन देणे, पायाच्या घोट्याजवळच्या नसेला सौम्य विजेने चेतवणे, असे पुढचे उपाय मूत्ररोगतज्ज्ञांकडे आहेत. त्यांच्याकडे जातानाही त्या दोन वह्या बरोबर असाव्यात.